वरच्या शाळेतलं जेवण

विश्रांतवाडीच्या आमच्या दोन खोल्यांवरून विमान गेलं की फळीवरची भांडी वाजायची. आधी चमचे किणकिणायचे, मग वाट्या, आणि विमान अगदी डोक्यावर आलं की कोपऱ्यात उपडं घातलेलं मोठं पातेलं घुमायला लागायचं. पाहुण्यांना दचकायला व्हायचं. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. आई तर बोलता बोलता मध्येच थांबायची, विमान जाऊ द्यायची आणि वाक्य जिथे सोडलं होतं तिथूनच पुन्हा धरायची. आजही बोलताना माझ्याकडून मध्येच असा खंड पडतो. सून म्हणते, आई, तुम्ही कुठे हरवता? आता कात्रजच्या या सहाव्या मजल्यावर विमानाचा आवाज फारसा येत नाही, पण सवय जात नाही.

बाबा एका यात्रा कंपनीत आचारी होते. वर्ध्याकडच्या एका खेड्यातून ते तरुणपणी पुण्याला आले, दोन-चार खानावळींत राबले आणि मग या कंपनीत टिकले. उन्हाळा सुरू झाला की चारधामच्या बसबरोबर ते हिमालयात जायचे आणि पावसाळा लागेपर्यंत त्यांच्या तीन-चार फेऱ्या व्हायच्या. प्रवासी बहुतेक पेठांमधले, निवृत्त झालेले, चवीला पक्के आणि बोलायला त्याहून पक्के. त्यांच्यासाठी आई घरी गोडा मसाला करायची. आमच्या वऱ्हाडी घरात तो कधी पडत नसे, तो तिने शेजारच्या कुलकर्णीकाकूंकडून शिकून घेतला होता. एप्रिलच्या उन्हात गच्चीवर धने, तीळ, खोबरं, दगडफूल पसरलेलं असायचं आणि आई पदराने कावळे हाकत बसायची. दुपारी खलबत्त्याचा ठोका सुरू व्हायचा तो दिवे लागेपर्यंत. “पुण्याच्या माणसाले आमटीत गूळ लागते,” ती म्हणायची, “आणि बोलण्यात तिखट. आपलं उलटं आहे.” मसाल्याचे डबे, मेतकूट, सांडगी मिरची, दशम्यांचं पीठ, सगळं कापडात शिवून बाबांच्या ट्रंकेत जायचं.

बाबा कधी कुणाला उलटून बोलले नाहीत. कुणी म्हणालं भात मोकळा झाला नाही, तर “हाव जी.” कुणी म्हणालं काल जास्तच मोकळा होता, तरी “हाव जी.” मला त्या ‘हाव जी’चा राग यायचा. मी पुण्यात वाढलेली, शाळेत ‘हाव’ म्हटल्याबद्दल चिडवून घेतलेली, त्यामुळे माझी भाषा केव्हाच स्वच्छ पुणेरी झाली होती. मी त्यांना एकदा विचारलं होतं, “बाबा, तुम्हाला कधीच काही म्हणावंसं वाटत नाही का?” ते भाजी निवडत होते. म्हणाले, “वाढणाऱ्यानं बोलू नये. जेवणाऱ्याच्या घशात अडकते.”

त्या वर्षी मी बारावीची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत होते. फेरी निघायच्या चार दिवस आधी बाबांच्या एका मदतनिसाचा हात मोडला. दुसरा मदतनीस, मांजरी गावचा बबन, तिशीतला दणकट माणूस, होता. पण दोघांनी अठ्ठावीस माणसांचं दोन वेळचं करणं कठीण. आईच म्हणाली, “हिले घेऊन जा. घरी बसून निकालाच्या काळजीनं वाळून राहिली.” मग मला निरोप देताना तिने बाबांना बजावलं, “पोरीले नजरेआड करू नका.” बाबा म्हणाले, “हाव.”

डोंगर मी तोवर पाहिले होते ते पर्वती आणि सिंहगड. हिमालयात शिरल्यावर पहिले दोन दिवस मी नुसती खिडकीला नाक लावून बसले. रस्ता म्हणजे कड्याच्या अंगावर ओढलेली रेघ. खाली नदी, वर सरळ चढत गेलेला उतार, त्यावर देवदार, आणि मधे मधे जिथे झाडं नाहीत तिथे मातीचे लांब, ओले, तपकिरी ओरखडे. बाबा बोट दाखवून सांगायचे, “तो दोन वर्षांपूर्वी आला. तो मागच्या वर्षी.” डोंगर आला, असंच म्हणायचे ते, पाहुणा आल्यासारखं.

परतीच्या वाटेवर पावसाने गाठलं. दिवसभर आणि रात्रभर कोसळला, आणि सकाळी कळलं की पुढे रस्त्यावर दरड पडली आहे. वळून मागे जावं तर दुपारपर्यंत मागचाही रस्ता खचला. मधल्या दोनेक किलोमीटरच्या तुकड्यात आमची बस, दोन ट्रक आणि बसंती नावाच्या बाईची चहाची टपरी एवढेच उरलो. बसंती चाळिशीची असेल, तिथलीच, चार शेळ्या पाळणारी. टपरीमागे उतारातून झरा यायचा आणि दगडी पन्हळीतून पडायचा. तेच आमचं पाणी. दोन दिवस आम्ही तिथे काढले. प्रवासी बसमध्ये झोपायचे, बाबा टपरीच्या आडोशाला मोठा स्टोव्ह भुरभुरवत ठेवायचे, आणि आईचा मसाला त्या थंड, ओल्या हवेत असा दरवळायचा की ट्रकवाले आपणहून येऊन भांडी घासायला बसायचे.

आमच्यात जोगळेकरकाका होते, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे नकाशा, होकायंत्र आणि प्रत्येक गोष्टीवर मत होतं. दुसऱ्या दिवशीही पिठलं-भातच पाहून ते म्हणाले, “छान. दरड हटेपर्यंत आम्ही पिठल्यावर निबंध लिहू शकू.” आणि होत्या लिमयेआजी, पंचाहत्तरीच्या, एकट्या आलेल्या, गुडघ्यांनी त्रासलेल्या. कुणी मदतीला हात पुढे केला की म्हणायच्या, “हात माझेही आहेत, गुडघे असतील तर द्या.” मला त्या आवडायच्या. रोज सकाळी मी त्यांना गरम पाण्याची पिशवी भरून द्यायचे आणि त्या मला त्यांच्या जवळचं कोमट झालेलं एक लिमलेट द्यायच्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडलं. इतकं स्वच्छ ऊन की सगळ्यांचे चेहरे उजळले. साड्या-पंचे वाळत पडले. कंपनीचा व्यवस्थापक मिलिंद, पंचविशीतला हसरा मुलगा, म्हणाला की आता संध्याकाळपर्यंत रस्ता मोकळा होईल. मी पन्हळीवर पाणी भरायला गेले, तर हंड्यात पडलेलं पाणी चहासारखं होतं. मला वाटलं वर कुणी शेळ्या उतरवल्या असतील. मी ते ओतून दिलं आणि पुन्हा भरलं, तरी तेच. बाबांना हाक मारली. ते आले, ओंजळीत पाणी घेतलं, बोटांनी चोळलं. बारीक रेती होती. रात्री पावसाचा थेंब नव्हता. दोन दिवसांच्या मुसळधार पावसात जे पाणी नितळ राहिलं, ते उन्हात गढूळ झालं होतं. आम्ही पाहत असतानाच धार बारीक झाली, करंगळीएवढी, मग दोऱ्याएवढी.

बसंती शेळ्या सोडत होती. बाबांनी तिला पन्हळ दाखवली. तिने एकदाच पाहिलं आणि शेळीचा दोर हातातच राहिला. “भैया, यहाँ से हटो,” ती म्हणाली. “मेरी सास कहती थी, पानी मैला हो के रुक जाए, तो पहाड़ अंदर से चल पड़ा है.” बाबांनी विचारलं, कुठे हटायचं? तिने बाजूच्या सोंडेकडे बोट केलं. तिथे, वीसेक मिनिटांच्या चढावर, तिच्या गावाची दोन खोल्यांची शाळा होती, पक्क्या खडकावर बांधलेली. एवढं सांगून ती शेळ्या घेऊन चढायलाही लागली. बाबांच्या नागपुरी हिंदीचा असा उपयोग झालेला मी पहिल्यांदाच पाहिला. तिच्या पहाडी उच्चारांमुळे आमच्या बसमधल्या निम्म्या लोकांना ती काय म्हणाली हे कळलंही नसतं.

पुढे अनेक वर्षांनी आमच्या सोसायटीत भूगर्भशास्त्र शिकवणारे एक प्राध्यापक राहायला आले. त्यांना मी हे सांगितलं, तर ते म्हणाले की बसंतीची सासू बरोबर होती. उताराच्या पोटात पाणी मुरून माती सुटायला लागली की झऱ्याची वाट बदलते, तो गढुळतो, कधी अचानक बंद होतो. पाऊस थांबल्यावरही डोंगर सरकू शकतो, कारण आत मुरलेलं पाणी कुठे गेलेलं नसतं. त्यांनी हे मला कागदावर आकृती काढून समजावलं. बाबांकडे त्या सकाळी आकृती नव्हती, ओंजळभर रेती होती.

ते आधी मिलिंदकडे गेले. मी मागेच होते. मिलिंदने सगळं ऐकून घेतलं, वर उताराकडे पाहिलं. उतार हिरवागार, उन्हात चमकत असलेला. “गजाभाऊ,” तो म्हणाला, “पाणी गढूळ आलं म्हणून मी अठ्ठावीस म्हाताऱ्या माणसांना डोंगर चढवू? कुणाचा पाय मोडला तर? बस सोडून जायचं नाही असा नियम आहे. दुपारपर्यंत बघू.” त्याला दोष देता येत नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही दुपारपर्यंत बघितलं असतं. बाबा म्हणाले, “हाव जी,” आणि वळले. मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. मी म्हणाले, “हाव जी काय बाबा? भांडा ना त्यांच्याशी.”

“भांडून माणूस हलते का?” ते म्हणाले. मग क्षणभर स्टोव्हकडे बघत उभे राहिले. स्टोव्हवर डाळ-तांदळाची खिचडी अर्धवट शिजत होती. त्यांनी खाली वाकून स्टोव्हची हवा सोडली. भुरभुर थांबली आणि एकदम नदीचा आवाज मोठा झाला. “बबन, पातेल्याले बांबू लाव. पोरी, ताटं घे.”

आयुष्यात पहिल्यांदाच बाबा बसच्या दारात उभे राहून सगळ्यांशी बोलले. हात जोडलेले होते. “इथलं पाणी खराब झालं जी. आज जेवण वरती शाळेत आहे. आत्ताच निघा, गरम गरम वाढतो.”

“स्वयंपाक इथे आणि पंगत डोंगरावर,” जोगळेकरकाका म्हणाले. “ही सोय तिकिटात धरलेली आहे की वेगळी?”

“वरून देखावा चांगला दिसते जी.”

“मेनू काय आहे ते सांगा. पिठल्यासाठी मी चढणार नाही.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. “पुरणपोळी,” ते म्हणाले.

बसमध्ये हालचाल झाली. दोन दिवस पिठलं खाल्लेल्या माणसांना पुरणपोळी ऐकू आल्यावर काय होतं ते सांगायला नको. काठ्या निघाल्या, कानटोप्या निघाल्या. ड्रायव्हर सगळ्यांच्या पुढे. बाबांनी दोन्ही ट्रकच्या माणसांनाही हाताला धरून उठवलं. गोंधळलेला मिलिंद मागून आला, कारण बस रिकामी झाल्यावर तो तिथे राखण तरी कसली करणार? बबन आणि एका ट्रकवाल्याने बांबूवर पातेलं घेतलं, मी डोक्यावर ताटांची चळत, बाबांच्या खांद्यावर स्टोव्ह, दुसऱ्या ट्रकवाल्याकडे धान्याचं पोतं आणि मसाल्याचे डबे. ती मिरवणूक धापा टाकत, थांबत, एकमेकांच्या वयाची चेष्टा करत शाळेच्या अंगणात पोहोचली. बसंतीच्या शेळ्या तिथे आधीच चरत होत्या.

पंगत बसवताना बाबांची नजर ओळीवरून फिरली. पंगतीत कोण नाही हे त्यांना मोजावं लागत नसे. “लिमयेआजी?” ते म्हणाले.

कुणीतरी म्हणालं, “त्यांची आज एकादशी. त्या म्हणाल्या मला कुठे जेवायचंय, मी बसते बसमध्ये.”

बाबांच्या खांद्यावर अजून स्टोव्ह होता. तो उतरवेपर्यंत मी निघालेसुद्धा होते. “मी जाते,” मी म्हटलं, “मी पटकन जाईन.” त्यांनी मला थांबवायला तोंड उघडलं, ते मी पाहिलं. शब्द आला नाही. मला तो चेहरा अजून दिसतो. मी उतरत गेले.

आजी खिडकीपाशी जपमाळ घेऊन बसल्या होत्या. मी म्हटलं, आजी, वर चला, बाबांनी तुमच्यासाठी साबुदाणा भिजवलाय. “खोटं बोलू नकोस,” त्या म्हणाल्या. “साबुदाणा परवाच संपला, मी स्वतः विचारलंय.” मी म्हटलं, वरून देखावा छान दिसतो. “देखावा मी येताना पाहिला.” मग माझा धीर सुटला. मी त्यांच्या पायाशी बसले आणि सांगून टाकलं, “आजी, झरा गढूळ होऊन आटलाय. बाबांना वाटतंय, डोंगर खाली येणार. जेवणाचं नुसतं निमित्त आहे.”

त्यांनी माझ्याकडे चष्म्यातून पाहिलं. “मग तसं सांगायचं ना,” त्या म्हणाल्या. “पुरणपोळी काय, साबुदाणा काय. ऊठ. ती काठी दे.”

चढायला आम्हाला वीस मिनिटं कुठली पुरतात? आजी दहा पावलं टाकायच्या आणि उभ्या राहायच्या. माझा हात त्यांनी घट्ट धरला होता, हाडं टोचत होती. निम्म्या वाटेवर असताना वरच्या उतारावरून दोन-चार दगड खाली आले, पोत्यातून बटाटे सांडावेत तसे, आणि पुन्हा शांत झालं. पक्षी ओरडत नव्हते. आजी म्हणाल्या, “तू पुढे हो.” मी म्हटलं, “नाही.” त्या म्हणाल्या, “हट्टी आहेस.” मी त्यांना पाठुंगळी घेतलं. त्या पिसासारख्या हलक्या वगैरे नव्हत्या. चांगल्याच जड होत्या, आणि कानाशी रामरक्षा म्हणत होत्या. शेवटच्या वळणावर बाबा धावत आले. त्यांनी आजींना माझ्या पाठीवरून उचललं आणि आम्ही अंगणात पाय ठेवला तेव्हा वाट पाहून कंटाळलेले जोगळेकरकाका पातेल्याचं झाकण उघडून पाहत होते.

“आचारी, ही खिचडी आहे,” ते म्हणाले.

“हाव जी,” बाबा म्हणाले.

आवाज आधी पायांना कळला. मग पाहिलं तर समोरच्या उतारावरचे देवदार उभेच्या उभे खाली चालले होते. पडत नव्हते, चालत होते. त्यांच्या खालची जमीनच निघाली होती. मग ते एकमेकांवर कोसळले, आणि माती, खडक, पाणी, सगळं एकदम रस्त्यावर आलं. बस खेळण्यातल्यासारखी आडवी झाली आणि नदीकडे गेली. टपरी गेली, ट्रक गेले, पन्हळ गेली. किती वेळ चाललं सांगता येत नाही, आजींची रामरक्षा दोन ओळी पुढे सरकली असेल. नंतर नुसता कच्च्या मातीचा वास, इतका दाट की तोंडात चव यावी.

जोगळेकरकाकांच्या हातात झाकण तसंच होतं. मिलिंद मोजायला लागला, अठ्ठावीस येईनात म्हणून पुन्हा मोजायला लागला. तिसऱ्यांदा आले तेव्हा तो रडायला लागला. बसंती आपली टपरी होती तिकडे पाहत उभी होती. बाबांनी स्टोव्ह पेटवला. काडी तीनदा विझली, चौथीला पेटला. खिचडी पुरी शिजवून त्यांनी वाढायला घेतली, पण घास कुणाच्या तोंडात जाईना. मग लिमयेआजी पंगतीत येऊन बसल्या, ताट पुढे ओढलं आणि म्हणाल्या, “मला वाढ, गजानन. एवढ्या एकादश्या केल्या, एक मोडली तर देव काही म्हणणार नाही.” त्यांनी पहिला घास घेतला तेव्हा बाकीचे जेवले.

तीन दिवसांनी जवानांनी डोंगरातून पायवाट काढून आम्हाला पलीकडे नेलं. बाबांनी भांडी, उरलेलं धान्य, मसाला, स्टोव्ह सगळं बसंतीला आणि तिच्या गावाला ठेवून दिलं. पहिल्या टेलिफोन बूथवरून मी आमच्या गल्लीतल्या वाण्याच्या दुकानात फोन लावला. आईला बोलावून आणेपर्यंत मी धरून ठेवला. ती आली, तिचा श्वास ऐकू आला, आणि तेवढ्यात तिकडे विमान गेलं. आम्ही दोघी ते जाईपर्यंत गप्प राहिलो.

घरी आल्यावर आम्ही आईला सगळं सांगितलं, मी खाली गेले होते ते सोडून. असं ठरवलं नव्हतं. बाबा तिथवर आले आणि पुढच्या गोष्टीवर गेले. पंधरा दिवसांनी लिमयेआजी रिक्षा करून आमच्या घरी आल्या, पेठेतून विश्रांतवाडीला, हातात आंबावडीचा डबा. आईचा हात हातात घेऊन म्हणाल्या, “तुमच्या मुलीने मला पाठीवरून वर आणलं हो. ती खाली आली नसती तर मी नसते.” आईने त्यांना चहा दिला, कुंकू लावलं, रिक्षापर्यंत सोडायला गेली. परत आल्यावर तिने बाबांशी बोलणं टाकलं.

आठ दिवस. ती वाढायची, पण ताट ठेवून आत जायची. मी सांगून पाहिलं की मी आपणहून गेले, त्यांनी पाठवलं नव्हतं. “थांबवलं तं नाही,” ती म्हणाली. नवव्या दिवशी दुपारी बाबा जेवायला बसले असताना ती दारात उभी राहिली आणि भिंतीशी बोलल्यासारखी म्हणाली, “आणि डोंगर आला नसता तं? लोकांले खोटं सांगून वर नेलं म्हणून नोकरी गेली असती.”

“नसता आला तं खिचडी खाऊन उतरले असते,” बाबा म्हणाले. “कोणाचं काय बिघडलं असतं?” त्यांनी ताटातली भाकरी मोडली, पण तोंडात घातली नाही. “पोरीले जाऊ दिलं, त्याचं मात्र उत्तर नाही मायाजवळ. स्टोव्ह खांद्यावर होता, तो टाकून द्यायला पाहिजे होता. मी हळूच उतरवला. नवा होता म्हणून. रोज पाहतो मी ते.”

आईने आतून आपलं ताट आणलं, त्यांच्यासमोर पाट मांडला आणि बसली. मला म्हणाली, “तूही ये. भाकरी गरम आहे तोवर खाऊन घे.”